नळीवरचा दोरा

खाणीतला दगड तोंडावर येऊन नत्थूजीच्या जबड्याचा पार चेंदामेंदा झाला होता. डॉक्टर वऱ्हाडपांड्यांनी गळा चिरून श्वासाची नळी बसवली आणि श्वास दिसावा म्हणून तिच्या तोंडाशी सुती दोरा चिकटवला.

त्याची बायको वच्छलाबाई सकाळपासून उशाशी बसून होती. डॉक्टर आले की सांगायची, "त्यायचा दोरा हालूनच राह्यला जी."

दुपारी लाइट गेली, पंखा थांबला. दोरा हलतच होता.

डॉक्टरांनी सहज नाडी पाहिली. मनगट गारठलेलं, कधीचंच ताठ. त्यांनी घाईघाईने नळी उपसली. ती वाळल्या रक्ताने बुचासारखी गच्च भरली होती.

तरी त्यांच्या मुठीतल्या नळीच्या तोंडाशी दोरा सावकाश आत ओढला जात होता, बाहेर येत होता.

"लवकर परत लावा जी," वच्छलाबाई कळवळली, "त्यायचा श्वास तुमच्या हातात राह्यला."