स्वेटरचं माप

निजामपुऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या मंदाकिनीकाकूंची सून निरुपमा तीन वर्षांच्या ओजसला घेऊन खंडेराव मार्केटात भाजी आणायला गेली, ती दोघं परत आलीच नाहीत. सहा वर्षं झाली. पोलिसांनीही नाद सोडला. काकू मात्र दर दिवाळीनंतर नातवासाठी स्वेटर विणतात, दर वर्षी थोडा मोठा. माझा ईशान ओजसच्याच वयाचा, म्हणून माप त्याच्या पाठीला लावून बघतात. विणून झालेले स्वेटर जातात कुठे, हे मला कधीचं विचारायचंय. पण त्यांचा मुलगा लक्ष्मीकांत आला, की लोकर घाईघाईनं पदराखाली जाते. बायकोचं नाव निघालं, तरी तो हातात येईल ते फेकून मारतो.

यंदा काकूंनी ईशानला बोलावलंच नाही. शेवटी मीच त्याला घेऊन गेले.

"काकू, माप घ्यायचं राहिलं ना?"

"नको गं," विणता विणता त्या म्हणाल्या, "याचं माप आता नाही चालत. तो याच्याहून चार बोटं उंच झालाय."

सुया थांबल्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात फाटकाशी लक्ष्मीकांतची स्कूटर वाजली. या वेळी लोकर मी माझ्या पिशवीत टाकली.