सोमवारीण

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकायची ही गोष्ट नाही. लहानशीच आहे, आवाजही मी चढवणार नाही. पण शेवटपर्यंत ऐकलीत तर रिकाम्या हाताने घरी जाणार नाही.

त्या सोमवारी सकाळी शाळेच्या चॅपलमध्ये मिठू कितीतरी आठवड्यांनी चारचौघींसारखी बाकावर बसली होती. वाचनाच्या उंच लाकडी मंचावर आज ती नव्हती. शुक्रवारच्या चाचणीत ती शेवटून दुसरी आली होती, आणि शेवटून दुसरी येण्याचा एवढा आनंद जगात दुसऱ्या कुणाला झाला नसेल. पण तो आनंद फार टिकला नाही. अगदी मागच्या बाकावर आई येऊन बसली होती. इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीवर घालायचा पांढरा कोट तसाच अंगात. वाचन ऐकायचे आणि धावत कामावर जायचे, हा तिचा दर सोमवारचा नेम.

आता ती विचारणार, 'आज तू का नाही वाचलंस गं?' आणि मग सगळे सांगावे लागणार.

सिस्टरांची ही शाळा म्हणजे घोड्यावरची शाळा. दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात उरकायचा आणि इतरांच्या आधी कॉलेजच्या दारात जाऊन उभे राहायचे. शिंकायला थांबावे तर रसायनशास्त्राचे अर्धे प्रकरण पुढे निघून गेलेले. जुन्या शाळेत मिठूचा पहिला नंबर ठरलेला. प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार, म्हणून तर तिचे नाव मिठू पडले. इथे आली आणि पोपटाची बोलतीच बंद झाली. जेवताना पुस्तक, वेणी घालताना पुस्तक, तरी आकडे एका दाराने आत यायचे आणि दुसऱ्या दाराने पसार व्हायचे. एकदा चिडून तिने बीजगणित पलंगाखाली भिरकावले. मग स्वतःच पोटावर सरपटत जाऊन, केसांत धूळ घेऊन, ते बाहेर काढले.

त्यात शाळेची ती जुनी रीत. चाचणीत जी शेवटची येईल, तिने सोमवारी सगळ्या शाळेसमोर बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचा. का, ते सिस्टरांनी कधी सांगितले नाही. मुलींनी मात्र त्या वाचणारीला नाव देऊन टाकले होते : सोमवारीण.

"काय सोमवारीणबाई, या आठवड्याचं पान काढून ठेवलंय ना?" वर्गातली लंबू दर शुक्रवारी विचारायची, आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा.

बाहेरचे हसू परवडले, पण घरचे कौतुक नको, असे तिला झाले होते. आजोबा भेटेल त्याला सांगत सुटायचे, "आमची लेक याच शाळेत होती. दर सोमवारी तिलाच उभं करायचे वाचायला. आता नातीलाही तोच मान! रक्तात असावं लागतं, बाबा." आई तेव्हा भांडी आवरायला उठायची. मिठू मनात म्हणायची, तेव्हा हुशार मुलींना वाचायला देत असतील. रीत उलटी व्हायची ती नेमकी माझ्याच वेळेला!

घंटा वाजली. मंचावर चढली ती लंबू. तिने पुस्तक उघडले. दुसऱ्याच ओळीला ती अडखळली, पुन्हा मागे गेली, पुन्हा अडखळली. बाकांवरून दबके हसू सरकत गेले. मिठूलाही हसू आले. मग तिने चोरून मागे पाहिले. आई मान उंच करून ऐकत होती. मिठूचे वाचन ऐकायची अगदी तशीच. लंबूने घाबरून वर पाहिले की आई हळूच मान हलवायची, जणू म्हणत होती, हं, चालू दे.

चॅपलबाहेर मिठूने आईला गाठले.

"पुढच्या सोमवारी येऊ नकोस. मी वाचणार नाहीये."

"तू नाही तर दुसरी कुणीतरी वाचेलच की. मी येईन."

"दुसरी तुझी कोण लागते?" मिठूचा बांध फुटला. "आई, तो मान नाहीये! जी शेवटची येते ना, तिला उभं करतात. इतके आठवडे सगळी शाळा मला हसत होती आणि तू मागे बसून कौतुकानं बघत होतीस!"

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते." आईने कोटाचे बटण लावले, मग उगाचच पुन्हा काढले. "आजोबांना मात्र एवढ्यात काही बोलू नकोस. रीत उलटी झालेली नाही, बाळा. आमच्या वेळीही हीच होती."

आजोबांचे ते बोलणे मिठूच्या कानात वाजले : दर सोमवारी तिलाच उभं करायचे.

आईने चॅपलच्या उघड्या दारातून आत पाहिले.

"मी वाचायचे ना," ती म्हणाली, "तेव्हा तो मागचा बाक रिकामा असायचा."

तर माझ्या माणसांनो, एखाद्या सकाळी कुठे घंटा कानावर पडली, तर मंचावर अडखळत वाचणाऱ्या त्या पोरीची आठवण ठेवा. आणि पाय वळलेच तिकडे, तर मागे जाऊन बसा.