दहात तीन

कुणाला खरं वाटणार नाही, पण तीस वर्षं मी सॉफ्टबॉलच्या स्कोअरची वही लिहितोय आणि माझं पेन एकदाही खोटं बोललेलं नाही. अमळनेरला एकीने चेंडू असा टोलवला, की तो चालत्या मालगाडीत पडून थेट भुसावळला उतरला. तोसुद्धा मी एकच फटका धरला!

हे ऐकून संघातल्या पोरी खिदळल्या. चारू मात्र हसली नाही. सतरा वर्षांखालच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. राज्य संघाची यादी नुकतीच लागली होती, त्यात तिचं नाव होतं, आणि ती ग्लोव्हची नाडी नुसती सोडत-बांधत बसली होती.

"अगं, हस की! दहा वेळांत तीन फटके म्हणजे आपल्या खेळात सोनं. निवड चाचणीत समोरच्या संघातली दोनवाली शमा घरी बसली, तू चाललीस."

"आबा, समोरचीच्या हातून झेल सुटला, तर तो फटका धरतात?"

"छे! माझ्या वहीत तर मुळीच नाही."

तिने वर पाहिलं नाही.

"मग माझेही दोनच. तिसऱ्याचा झेल शमाच्याच हातून सुटला होता. तुम्ही फटका लिहिलात, आबा."