खिलारेंचा आवाज

“मागे व्हा रे, इंजिन चालू आहे!”

शेठजींचं खासगी जेट उतरून थांबलं होतं, तरी हा आवाज सारखा घुमत होता. या नव्या इंजिनाला स्वतःचा आवाजच नव्हता. सुरुवातीला दोन माणसं चालू इंजिनात खेचली गेली, तेव्हा कुठे ते चालू असेपर्यंत माणसाच्या आवाजात इशारा द्यायचा नियम झाला. कंपनीने त्यासाठी विमानतळावरचे मुकादम वामन खिलारे यांचा खणखणीत आवाज भरून घेतला. कामावर येणाऱ्या प्रत्येकाला खिलारे बजावत, “माझं ओरडणं थांबलं, की बिनधास्त पुढे जायचं.”

विमानात त्यांची मुलगी मंजिरी चहा देत होती. शेठजींचा फोन संपत नव्हता आणि त्यांना गारवा हवा होता, म्हणून इंजिन चालूच होतं.

“त्या माणसाला गप्प करा हो, काही ऐकू येत नाही,” शेठजी वैतागले.

“सर, खाली माणसं आहेत.”

“दोन मिनिटं फक्त. का तुमच्या साहेबांशी बोलू?”

मंजिरीने बटण दाबलं. आवाज थांबला.

खिडकीतून तिला बाबा दिसले. इंजिनाच्या तोंडाला लावायचं लाल झाकण घेऊन ते सावलीतून निघाले होते. तिने काचेवर मुठी आपटल्या, किंचाळली. बाबांनी वर पाहिलं, हसून हात केला आणि ते तसेच पुढे चालत राहिले.

ती बटणाकडे धावली.

“मागे व्हा रे, इंजिन चालू आहे!” बाबा पुन्हा ओरडू लागले. ऐकायला समोर कोणी उरलं नव्हतं.