ए म्हणजे ई

"कुठली पट्टी, मिस्टर क्लिओथा?" नव्या गिटारवाल्याने, टेरेलने, विचारलं.

"ए," क्लिओथा पेटवे म्हणाला. एवढंच. बोलण्यात हवा घालवणं त्याला परवडणारं नव्हतं. फुफ्फुसांत जेमतेम एका गाण्यापुरती हवा उरली होती, आणि ते एक गाणं वाजवायलाच तो सात महिन्यांनी मॅडिसन रस्त्यावरच्या या बारमध्ये आला होता.

रविवारची दुपार. चर्चमधून परस्पर आलेली माणसं, ताटांत तळलेला मासा. क्लिओथाची मुलगी लाव्हर्न पार मागच्या टेबलाशी, कारण पुढे जागाच नव्हती. ऑक्सिजनचं नळकांडं तिच्या खुर्चीला टेकवलेलं. नाकातली नळी क्लिओथाने स्वतःच काढून तिच्या हातात दिली होती. "एकच गाणं, पोरी. मग तू म्हणशील तसं."

स्टेजवर त्याच्या पायाशी एक छोटी डबी होती. आवाज मोठा करणारा त्याचा जुना अँप उचलायला दोन माणसं लागायची, म्हणून लाव्हर्नने ही आणली. म्हणायला अँप, आकाराने पायाखालच्या पेडलएवढा. माइकची वायर एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर, थेट बारच्या मोठ्या स्पीकरांना. जुन्या अँपचा तो खरखरीत, करपलेला आवाज जसाच्या तसा. आणि इतकी तिखट कानाची, की माउथ ऑर्गनवर नुसती फुंकर घातली तरी भिंती दणाणाव्यात. क्लिओथाने माइक आणि माउथ ऑर्गन दोन्ही तळव्यांत गच्च धरले, डोळे मिटले आणि मान हलवली.

बँड सुरू झाला, आणि पहिल्याच फेऱ्यात लाव्हर्नला कळलं, पट्ट्या जुळत नाहीत.

आमच्या ब्लूजवाल्यांची एक वाकडी रीत आहे. माउथ ऑर्गनवर 'ए' कोरलेलं असलं तरी आम्ही तो फुंकण्यापेक्षा श्वास आत ओढून वाजवतो, आणि मग गाणं बसतं ते 'ई' पट्टीत. बँडला सांगायचं असतं ते ई. पण क्लिओथा जन्मभर हातातल्या माउथ ऑर्गनचीच पट्टी सांगत आला. जुना गिटारवाला ए ऐकायचा आणि मुकाट्याने ई धरायचा. तो गेल्या वसंतात वारला. टेरेल बिचारा सरळ माणूस, त्याने ए ऐकलं आणि ए धरलं.

आता बोंबला! एक तोंड उगवतीला, एक मावळतीला. स्पीकरमधून सगळं लख्ख ऐकू येत होतं.

लाव्हर्न उठली. नाचणाऱ्यांमधून कोपरं मारत स्टेजपाशी गेली आणि टेरेलच्या पँटचा पाय ओढला. "ई! अरे, ई धर! त्याच्या हातात ए आहे!"

टेरेलने जीभ चावली. "अरेच्चा, माफ करा, ताई!" त्याने बाकीच्यांना चार बोटं दाखवून ईची खूण केली, आणि पुढच्या फेऱ्याला अख्खा बँड ईवर आला.

पण क्लिओथाचे डोळे मिटलेले. चूक त्यालाही पहिल्या सुराला कळली होती. थांबून सांगायचं तर त्यात हवा जाणार, म्हणून त्याने हातातला ए खिशात टाकला आणि दुसरा, डी कोरलेला माउथ ऑर्गन काढला होता, ओढून वाजवला की एमध्ये बसतो तो. बँडने ए सोडलं त्याच क्षणी म्हातारा एला जाऊन पोचला.

दोघांनी आपापली चूक सुधारली होती. देवा रे! लाव्हर्नला हसू आलं आणि लगेच रडू फुटलं.

अंगात हवा असती, तर क्लिओथाने कुठल्याही माउथ ऑर्गनवर वाट काढली असती. वाट काढायलाही हवा लागते. त्याने दोनदा सूर शोधला. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा सूर आलाच नाही. त्याची बोटं मात्र सुटेनात. माइक ओठांशी तसाच आवळलेला, आणि डबी इमानेइतबारे आपलं काम करत होती. भल्यामोठ्या स्पीकरांतून नुसता त्याचा श्वास येऊ लागला. आत, बाहेर. आत, बाहेर.

"हां, क्लिओथा! बोल, बोल!" कुणीतरी ओरडलं.

"तो वाजवत नाहीये!" लाव्हर्न किंचाळली. स्पीकरपुढे तिचं कोण ऐकतो! ती नळकांड्याकडे धावली. मागचं टेबल पार दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये सगळे उठून उभे राहिलेले. कुणी तिला कमरेला धरून गिरकी दिली. मागे ड्रमवाल्याने त्या श्वासावर ठेका धरला होता. श्वास जलद झाला, तसा ठेकाही जलद झाला. लोक टाळ्या धरून नाचायला लागले.

चर्चची टोपी घातलेल्या एका आजीबाईंनी वाटेतच तिचा दंड धरला. डोळे भरून आले होते त्यांचे.

"तुझाच बाप ना गं?" त्या तिच्या कानात ओरडल्या. "बघ! अजून किती दम आहे म्हाताऱ्यात!"