पहिली रांग

कोरियातल्या उल्सानच्या कारखान्यात नवरा यंत्रात सापडून गेला, तेव्हापासून मालसुनबाई आपला एकुलता एक शेअर धरून दर मार्चमध्ये कंपनीच्या भागधारक सभेला जायच्या. "माझा माणूस कसा गेला?" एवढंच त्यांना विचारायचं असायचं. पण त्या उठल्या की पहिल्या रांगेत कंपनीने मुद्दाम बसवलेले कर्मचारी त्यांचा आवाज दाबायला "मंजूर, मंजूर" असा गलका करायचे. कुणीतरी ओरडायचं, "बसा आजी, घरी भात करपेल."

यंदा कंपनीत परदेशी भागधारक वाढले होते. त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षांना म्हणाला, "आधी या बाईंचं ऐकू."

माईक मालसुनबाईंच्या हातात आला. पहिल्या रांगेत यंदा त्यांचा मुलगा बसला होता, कंपनीने महिन्यापूर्वीच नोकरीला घेतलेला.



"मंजूर," मालसुनबाई म्हणाल्या.