मोजणाऱ्याची चूक

मुंबईच्या प्रयोगशाळेचे पत्र नीळकंठरावांनी पुन्हा एकदा वाचले आणि नोंदवही उघडली. २३ फेब्रुवारी १९५६ रोजी सकाळी नऊच्या सुमारास सूर्यावर प्रचंड उद्रेक झाला होता. त्यात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फेकले गेलेले प्रोटॉन काही मिनिटांतच पृथ्वीवर येऊन थडकले होते. त्या सकाळचे आकडे असल्यास कळवावेत, अशी विनंती होती.

दारव्ह्याच्या हायस्कुलात अवकाशातून येणारे असे कण, म्हणजे विश्वकिरण, मोजणारी नळी नीळकंठरावांनी स्वतः जोडली होती. प्रत्येक किरणागणिक कर्णा एकदा टिक करी. रोज सव्वानऊला ते घड्याळ धरीत आणि शिपाई लखीराम मोजी. वीस झाले की एक चिंचोका बाजूला. दहा मिनिटांत पंधरा चिंचोके, फार तर सोळा.

२३ फेब्रुवारीच्या रकान्यात आकडा नव्हता. त्यांच्याच रेखीव अक्षरात लिहिले होते : ‘मोजणाऱ्याची चूक. रद्द.’

“त्या दिवशी किती झाले होते, लखीराम?”

“एकोणीस. पुन्ना मोजाले लावलं, तवा अठरा. तुमी म्हणले, काल मोहाची घेतली काय?”

नीळकंठरावांना आठवले. त्यांनी बॅटरी तपासली होती, जोडण्या तपासल्या होत्या. दुपारी आकडा पंधरावर आला, तेव्हा यंत्र निर्दोष आणि माणूस सदोष, हे त्यांच्या मते सिद्ध झाले होते.

“मग ठासून का नाही सांगितलेस?” त्यांचा आवाज चढला. “सूर्य असे रोज करत नाही! पाच महिन्यांनंतर आठवणीतला आकडा मी कोणत्या तोंडाने पाठवू?”

“ठासूनच सांगतलं होतं, गुरुजी. माहा बाप शंभर बैलाचा तांडा नुसत्या नजरेनं मोजे, हेबी सांगतलं. तुमी हासले.”

नीळकंठरावांनी टाक दौतीत बुडवला. त्या सकाळचा आकडा उपलब्ध नाही, असे एका ओळीत लिहिले. मग पाने उलटली. मार्च, एप्रिल, मे, जून : चौदा, पंधरा, पंधरा, चौदा.

“निदान पुढची नोंद स्वच्छ आहे. एकही दिवस खाडा नाही. तीच पाठवतो.”

लखीराम दारातून हलला नाही.

“आता काय?”

“ते नोका धाडू, गुरुजी. तुमाले राग येते म्हून त्या दिवसापासून मी पंधराच्या वर कवा सांगतलंच नाई.”